मधल्या पट्टीतलं सीमांतपूजन

नाल्याच्या पश्चिम काठावर दोन ट्रॅक्टर, एक मेटॅडोर आणि चौदा बैलगाड्या उभ्या होत्या. माणसं दीडशेच्या आसपास. घोडी एक, तिच्यावर नवरदेव एक. बँडवाले नऊ, त्यांतले सात वाजवणारे आणि दोघे नुसता गणवेश घालून चालणारे, कारण बोलणीत आकडा नऊचा ठरला होता. पूर्वेला, हद्दीच्या दगडापाशी, माणसं शंभरावर, पाट दोन, नारळ पाच, ओवाळायची ताटं तीन, भटजी एक. आणि या दोन जमावांच्या मधे चार एकर पडीक पट्टी. तिच्यात सात बाभळी होत्या, गोखरूचे काटे मोजदादीपलीकडचे होते, आणि माणूस एकही नव्हता.

मे महिन्यातलं चारचं ऊन. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. गोरज मुहूर्ताला अवकाश होता, पण वराला शिवेवर पुजल्याशिवाय गावात घ्यायचं नसतं, आणि शीव कुठली यावरच अडलं होतं.

नर्मदाबाई नाल्याच्या काठावर, बैलगाडीच्या सावलीत उभी होती. पदर भुवईपर्यंत ओढलेला. तिचं सासर कळमडी, नाल्याच्या अलीकडचं, धुळे जिल्ह्यातलं. माहेर बोरदरं, पट्टीच्या पलीकडचं, जळगाव जिल्ह्यातलं. घोडीवरचा लीलाधर तिच्या थोरल्या दिराचा, म्हणजे जेठ झुलालआबांचा, मुलगा. तिकडे हळदीच्या अंगानं वाट पाहत बसलेली मंदा तिच्या भावाची, देवचंदची, मुलगी. सोयरीक तिनंच जुळवली होती. दोन्ही घरं एकमेकांत गुंतली की दावा आपोआप सुटेल, असा तिचा हिशेब होता. दोन्ही घरांनी होकार दिला, पण धमकीसकट. झुलालआबा म्हणाले होते, सोयरीक मोडली तर या घरातून आखाजीला बोरदऱ्याला कोणी जाणार नाही. देवचंद म्हणाला होता, अक्का, यात काही वाकडं झालं तर मला तोंड दाखवू नकोस. म्हणजे लग्न मोडलं तर एका घरातून निघायची बंदी आणि दुसऱ्या घरात शिरायची.

दावा समजायला सोपा होता, म्हणूनच एकोणीस वर्षं चालला होता. एकोणीसशे सहा साली इंग्रज सरकारनं खानदेशाचे दोन जिल्हे केले, पूर्व आणि पश्चिम. घरात सांगतात त्याप्रमाणे, कोणी एक साहेब घोड्यावर आला, आमराईत तंबू ठोकून तीन दिवस राहिला आणि दोन गावांमधला नाला पाहून कागदावर लिहून गेला, की नाला हीच हद्द. मग नाला कुठे आहे ते लोकांना कळावं म्हणून नाल्याच्या काठी एक दगडही पुरून गेला. अडुसष्टच्या पुरात नाल्यानं पात्र सोडलं आणि तो कळमडीच्या बाजूला सरकला. दगड जागच्या जागी राहिला. देवचंदचं म्हणणं, कागदात नाला लिहिलाय, तेव्हा नाल्यापर्यंतची जमीन बोरदऱ्याची, म्हणजे माझी. झुलालआबांचं म्हणणं, दगड साहेबानं पुरलाय, तेव्हा दगडापर्यंतची जमीन कळमडीची, म्हणजे माझी. एकानं आपल्या जिल्ह्यात दावा लावला, दुसऱ्यानं आपल्या. निकाल लागेपर्यंत दावेदारांनी व त्यांच्या माणसांनी पट्टीत पाय ठेवू नये, असा मनाई हुकूम दोन्हीकडून निघाला. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही जिल्ह्यांचं एकमत होतं. पट्टीतून जायची ती एकटी नर्मदाबाई. ती नक्की कोणाची माणूस, हे कोणालाच ठरवता आलं नव्हतं.

आज मात्र भलतंच झालं होतं. वधूकडच्यांनी आपल्या शिवेपर्यंत यायचं आणि वरानं तिथे थांबायचं, ही रीत. जो जास्त चालून येईल तो नमला, हेही रीतीतच धरलेलं. म्हणून एकोणीस वर्षं पट्टी आमची म्हणणारे दोघेही सकाळपासून सांगत होते, की पट्टी समोरच्याची.

"झुंबर, तिले सांग," झुलालआबा मेटॅडोरच्या पायरीवरून म्हणाले. "तिना भाऊले निरोप दे म्हना, नवरदेव शिवपर्यंत उना. आते पुजाले त्यासनी आठे येवानं."

नर्मदाबाई जेठाशी सरळ बोलत नसे. एकतीस वर्षांत एकदाही बोलली नव्हती. बोलायचं ते जाऊबाईला, झुंबरबाईला, उद्देशून; आबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आबाही तसंच करत. झुंबरबाई दोघांच्या मधे उभी राहून पान चघळत असे. निरोप तिच्या तोंडून जायची गरज कधीच पडली नाही. फक्त ती तिथे असावी लागे.

"जिजी, आबासले इचारा," नर्मदाबाई म्हणाली. "आपली शीव दगडपर्यंत शे, असंच ना कोर्टमा? मंग नवरदेवले दगडपर्यंत जावाले काय हरकत?"

"तिले सांग, कोर्टनं कोर्टमा आनि लगीननं लगीनमा."

"जिजी, मंग आजना दिन पट्टी कोनी शे, ते तरी समजू द्या."

"तिले सांग, आज त्यासनी शे. उद्यापशीन आम्हनी."

झुंबरबाईनं पान या गालातून त्या गालात घेतलं. घोडीवरून लीलाधर खाली वाकला. तो धुळ्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत होता आणि बाशिंगामागून त्याला समोरचं फारसं दिसत नव्हतं.

"काकू, माझ्यासाठी तुम्ही धावपळ करू नका," तो म्हणाला. "मी उतरून चालत जातो. किती लांब आहे असं?"

"तू गप बस," झुलालआबा म्हणाले. हे मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

नर्मदाबाई नाल्यात उतरली, कोरड्या वाळूतून पलीकडे चढली आणि पट्टी तुडवत निघाली. माहेराकडे जाताना पदर कुठे सैल होतो हे तिच्या कधी लक्षात येत नसे. तिसऱ्या बाभळीपाशी तो कपाळावर होता, पाचवीपाशी खांद्यावर. दगडापाशी पोचली तेव्हा तो कमरेला खोचलेला होता.

"काय म्हनतस त्या?" देवचंदनं विचारलं. त्याच्या हातात पूजेचं ताट होतं. बायको द्रौपदाबाई निरांजन विझू नये म्हणून त्याच्याभोवती तळहात धरून उभी होती आणि ते चौथ्यांदा विझलं होतं.

"म्हनतस, आज पट्टी तुम्हनी शे."

देवचंद हसला. त्या हसण्यात आनंदाचा भाग कमी होता. "एकोनीस वरीस नही व्हती ती आजच व्हयनी का? त्यासले सांग, आम्हनं गाव दगडवर सरनं. याना पुढे बठ्ठी जमीन त्यासनीच शे. एक दिनपुरती."

"देवा, तोंडनी वाफ दवडू नको. चार पावलं चाल नी मोकया हो."

"पावलं कितीबी चालसू. पन गाव काय म्हनी? पोरना बाप नाल्यापर्यंत पयत गया."

"दोघंही बरोबर आहेत, अक्का," धाकटा भाऊ गिरधर मधेच म्हणाला. तो धुळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे आणि लग्नासाठी छत्री घेऊन आला होता. "हाच तर सगळा घोळ आहे. साहेबानं कागदावर नाला लिहिला आणि जमिनीवर दगड पुरला. त्याला वाटलं, दोन्ही एकच. त्यांच्या मुलखात नदी बारमाही असते, काठ बांधलेले असतात, पिढ्यान् पिढ्या जागची हलत नाही. आपला नाला वर्षाकाठी दोन महिने वाहतो आणि त्या दोन महिन्यांत मनाला येईल तिकडे जातो. हलणाऱ्या वस्तूला त्यानं हद्द म्हटलं, आणि न हलणारी वस्तू तिची खूण म्हणून लावली."

"गिरधर, घोडी उन्हमा उभी शे."

"आपण निदान नाला तरी पाहिला. आफ्रिकेत तर नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या. तिकडे युरोपात बसून. ज्यांचं गाव मधून कापलं गेलं त्यांतला एक माणूस त्या बैठकीला नव्हता. आणि सत्तेचाळीसला आपल्याकडे ज्यानं रेघ मारली, त्यानं हा देश आधी कधी पाहिलासुद्धा नव्हता. पाच आठवड्यांत काम उरकलं आणि विमानात बसला."

"पाच हप्तामा?" द्रौपदाबाई काडी ओढत म्हणाली. "मंग हुशार व्हता. आम्हनं एकोनीस वरीस उरकी नही राह्यनं."

"त्याचं उरकलं, वहिनी. लोकांचं अजून चाललंय." गिरधरनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "माझा मुद्दा एवढाच, की साहेबाला जाऊन चाळीस वर्षं झाली. रेघ मात्र त्यानं इथेच टाकली. आणि आपण तिच्यासाठी त्याच्यापेक्षा जास्त झटतोय."

"तू कोनाकडथीन बोलस?" देवचंदनं विचारलं.

"मी तटस्थ आहे."

"तू धुयामा राहस. तू त्यासनाच."

"मी धुळ्यात राहतो, पण पत्रिकेवर माझं नाव निमंत्रक म्हणून बोरदऱ्याच्या बाजूनं आहे."

"तटस्थ मानूसले पंगतमा कोनी बाजूले बसाडतस, ते तू माले सांग," देवचंद म्हणाला, आणि भोवतालच्या भाऊबंदांत हशा पिकला. गिरधरला मात्र एक नवीन मुद्दा सुचल्याचं त्याच्या भुवयांवरून दिसत होतं.

नर्मदाबाईनं दगडाकडे पाहिलं. तिच्या लग्नात नाला आणि दगड एकाच जागी होते. वना, तिचा नवरा, एक पाय वाळूत आणि एक पाय काठावर ठेवून पाटावर उभा राहिला होता, तिच्या बापानं त्याचे पाय धुतले होते, आणि हद्द कोणती हा प्रश्न कोणाच्या डोक्यात शिरला नव्हता. त्या पूजेचं पाणी कुठल्या जिल्ह्यात सांडलं हे आजही सांगता आलं नसतं.

"काही सांगानं का त्यासले?" तिनं विचारलं.

"सांग, ताट हातमा शे. कव्हय बी या."

ती परत निघाली. पाचव्या बाभळीपाशी पदर खांद्यावरून वर आला.

नाल्यावर पोचते तोच समोरून भटू आला. भटू दोंडाईच्याचा फोटोवाला. त्याला दोन्ही घरांनी मिळून सांगितलेला, आणि लग्नात दोन्ही घरांनी मिळून केलेली ती एकच गोष्ट होती. गळ्यात कॅमेरा, खांद्याला बॅटरीची पिशवी, आणि चेहऱ्यावर ऊन उतरत चालल्याची काळजी.

"आबा, पूजा नक्की कुठं धरायची?" त्यानं विचारलं. "मला आधी जागा बघायला हवी. मागे काहीतरी दिसलं तर फोटो उठून दिसतो. दगड घेऊ की नाला? मघाशी पलीकडे पण विचारलं. ते एकदम गप्पच झाले."

झुलालआबा काही बोलणार, तेवढ्यात वना खाकरला. वना मितभाषी माणूस. गेली एकोणीस वर्षं भावाच्या वतीनं तारखांना तो जात असे. वकिलाच्या ओसरीवर बसून त्यानं कायदा एवढा ऐकला होता, की भाकरी मोडतानाही तो कलमं सांगे.

"भाऊ," तो म्हणाला, "फोटो पुरावा धरतस."

"कसाना पुरावा?"

"बोरदराना लोके नाल्यावर सीमांतपूजन करी राह्यनात, आसा फोटो निघना, तर त्याना अर्थ काय? त्यासनी शीव नाल्यापर्यंत. देवचंद तोच फोटो कोर्टमा लावी. आनि दगडपाशी पूजा व्हयनी, तर त्यासनी सोताना हातखाल कबूल कयं, की बोरदरं दगडवर सरस. तो फोटो आपन लावसूत."

नर्मदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत तो एवढं लांब वाक्य घरात बोलला नव्हता, आणि बोलला तो आज.

झुलालआबा पायरीवरून उठले. ते ज्या वेगानं उठले त्यावरून तिला पुढचं कळलं.

"घोडी काढा," ते म्हणाले. "दगडकडे. बँडवाला, वाजाड."

सात जणांनी वाजवायला आणि दोघांनी चालायला सुरुवात केली. वरात नाल्यात उतरली. बायका, म्हातारे, करवल्या सगळे वाळूतून धडपडत पलीकडे चढले. नर्मदाबाई मागोमाग चढली आणि समोर पाहते तो काय, पूर्वेकडून देवचंद हातात ताट घेऊन पट्टीत शिरला होता. मागे पाट डोक्यावर घेतलेले दोघे, त्यांच्यामागे नारळवाले, मग भटजी धोतराचा सोगा धरून, आणि सर्वांत मागे छत्री. गिरधरच्या भुवयांमधला मुद्दा काय होता ते आता कळलं. भटूनं आधी तिकडे विचारलं होतं, आणि नाल्यावरच्या पूजेचा फोटो देवचंदच्या बाजूचा पुरावा ठरेल, हे गिरधरनं ताडलं होतं.

दोन्ही जमाव भर उन्हात एकमेकांच्या दिशेनं झपझप चालत आले. कोणी पळत नव्हतं, कारण पळणं शोभलं नसतं. पण एवढ्या वेगानं चालणारे पाहुणे दोन्ही गावांनी आधी पाहिले नव्हते. बाभळींच्या उत्तरेकडून देवचंद, दक्षिणेकडून आबा. मधे आल्यावर एखादा थांबला असता तर तिथेच पूजा झाली असती. पण जो थांबेल त्याचं गाव तिथे संपणार होतं.

"राम राम आबा," देवचंद न थांबता म्हणाला.

"राम राम," आबा न थांबता म्हणाले.

"ऊन फार शे."

"शे ना भो."

झुंबरबाई आणि द्रौपदाबाई, दोन विहिणी, एकमेकींच्या बाजूनं जाताना नुसत्या हसल्या. वना आणि गिरधर यांनी एकमेकांना नमस्कार केला. बोरदऱ्याची काही मुलं बँडच्या मागे लागून चुकून परत आपल्याच गावाकडे निघाली. घोडी शिकवलेली होती. जिथे बँडचा आवाज चढेल तिथे नाचायचं, एवढंच तिला ठाऊक. दोन्ही जमाव एकमेकांतून आरपार जाताना गलका वाढला, तेव्हा तिनं तिथेच चार फेर नाच करून घेतला. लीलाधरचं बाशिंग एका कानावर आलं.

"काकू," त्यानं नर्मदाबाईला पाहून विचारलं, "मी कुठं जायचं?"

"घोडी जाई तठे जाय, बाबा," ती म्हणाली. "आज कोनं काय चालस?"

थोड्या वेळानं धूळ खाली बसली. झुलालआबा आणि वरात बोरदऱ्याच्या दगडापाशी उभी होती. देवचंद पूजेचं ताट घेऊन कळमडीच्या नाल्याकाठी उभा होता. प्रत्येकजण कोर्टासाठी जिथे हवा तिथे पोचला होता. फक्त ज्याची पूजा करायची तो एका टोकाला होता आणि ज्यानं करायची तो दुसऱ्या.

"या पुजाले," दगडापासून आबा ओरडले.

"तुम्हीच या," नाल्यावरून देवचंद ओरडला. "ताट मांडेल शे."

पट्टीत आता दोघंच उरली होती, नर्मदाबाई आणि भटू. भटू बाभळीच्या सावलीत उकिडवा बसून कॅमेरा पुसत होता. तिचे पाय भरून आले होते. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मोडलं, असं तिला वाटलं. आता आबा आणि देवचंद होते तिथून सरळ पुढे गेले तर आपापल्या घरी जाणार नव्हते. समोरच्याच्या घरी जावं लागलं असतं, आणि ते तर अजिबात होणार नव्हतं. पुढच्या आखाजीला कळमडीतल्या बाकीच्या सुना माहेरी झोके घेत असतील आणि ती ओसरीवर बसून पापड वाळत घालत असेल.

"भटूभाऊ," तिनं सहज विचारलं, "फोटो निघनात का काही?"

"निघाले की, काकू. चालतं लगीन असं कधी मिळत नाही. आबा पट्टीत शिरताना एक, देवचंदभाऊ शिरताना दोन. दोघं राम राम करताना तर फार छान आलाय. एका बाजूला नालाही दिसतो आणि दुसऱ्या बाजूला दगडही."

नर्मदाबाईनं गोखरू बाजूला सारले आणि पट्टीत फतकल मारून बसली.

"भटूभाऊ," ती मोठ्यानं म्हणाली, दोन्ही टोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "त्या बठ्ठा फोटोसन्या दोन दोन कापी काढ. एक जयगावले, एक धुयाले. दोन्ही कोर्टसले दखू दे. मनाई हुकूम लागेल जमिनमा कोन कोन शिरनं, ताट लिसन, बँड लिसन."

सर्वांत आधी वनाचा चेहरा उतरला, कारण त्याला कलम पाठ होतं.

"भाऊ," तो आबांना म्हणाला, "ती खरं बोली राह्यनी. आपन हुकूम मोडेल शे."

"त्यासनी बी मोडा."

"दोन्हीसनी मोडा. पन आपन नवरदेवसकट मोडा."

आता दोन्ही जमाव परत मधे आले. या वेळी कोणी झपझप चालत नव्हतं. नर्मदाबाईच्या भोवती अडीचशे माणसांचं कोंडाळं झालं, तरी ती उठली नाही. पदर तिनं डोक्यावर घेतला होता, पण कपाळापर्यंतच. अर्धं सासर समोर होतं आणि अर्धं माहेर.

"अक्का, ऊठ," देवचंद म्हणाला.

"नही. जिजी, आबासले सांगा, आनि देवा, तूबी आयक. जठे मध्य निघी तठे पूजा. जठे पूजा तठे शीव. दोन्हीसनी आपापला दावा मांगे लेवाना. फोटो मंग भटू एकच धुई, पूजाना."

"तिले सांग," झुलालआबा म्हणाले, "मध्य कोन काढी? सरकारी मोजनीदार आनाले सहा महिना लागतस. साखयी त्याकडे शे."

"ती साखळीही साहेबाचीच आहे, आबा," गिरधर म्हणाला. "त्याच साखळीनं मोजून दगड पुरला होता."

नर्मदाबाईनं भावजयीकडे हात केला. "द्रौपदा, मना आहेरनं लुगडं दे."

"अक्का, ते मांडवमा देवानं शे. कोरं शे अजून."

"लगीनच नही व्हयनं तर मांडवमा कोनाले देशी? आन."

द्रौपदाबाईनं पिशवीतून लुगडं काढलं. जांभळं, लाल काठाचं, घडी न मोडलेलं, वर मिलची चिठ्ठी. नर्मदाबाईनं ती चिठ्ठी भटजीला वाचायला लावली. नऊ वार.

"हाई मिलनं माप शे," ती म्हणाली. "नही बोरदरानं, नही कयमडीनं."

"तिले सांग," आबा म्हणाले, "लुगडं तिना माहेरनं शे. माहेरकडे जास्त भरी."

"जिजी, आबासले सांगा, दोन्हीकडे तेच लुगडं फिरी."

आबांनी घोडीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग भटूच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि निरांजनाच्या ज्योतीवर हात धरून कबूल केलं. देवचंदनंही धरला. हात भाजेपर्यंत तो दोघांनीही मागे घेतला नाही, कारण आधी कोणी घ्यायचा हा प्रश्न होताच. शेवटी निरांजनच विझलं.

लुगड्याचं एक टोक गिरधरनं धरलं. दुसरं धरायला लीलाधर घोडीवरून उतरला. बाशिंग त्यानं झुंबरबाईकडे दिलं आणि तो फार दिवसांनी मोकळा झाल्यासारखा दिसला.

"ताण सारखा ठेवायचा, काका," तो गिरधरला म्हणाला. "सैल सोडलं तर चूक साठत जाते."

"लुगडं फाटी जाई," द्रौपदाबाई म्हणाली. "काटा लागतीन."

"फाटू दे," नर्मदाबाई म्हणाली. "मना शे ते."

भटजीनं मोजणी पुकारायचं काम घेतलं, कारण त्याचा आवाज मोठा होता आणि त्याला भूक लागली होती. दगडापासून नर्मदाबाईपर्यंत सहा लुगडी आणि वर सात वार भरले. नाल्यापासून नर्मदाबाईपर्यंत सहा लुगडी आणि वर दोनच वार.

"दखा," आबा म्हणाले. "नाल्याकडे सरकी बठनी. दगडकडनं जास्त भरनं, म्हनजे बोरदरानं जास्त. शेवटी माहेर ते माहेर. झुंबर, तिले सांग."

झुंबरबाईनं पान थुंकलं. एकतीस वर्षांत प्रथमच तिनं मधे उभं राहायचं नाकारलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "समोर बठेल शे ती."

आबा गोंधळले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग घोडीकडे तोंड करून म्हणाले, "अडीच वार मांगे सरकाले पाहिजे."

"आबासले सांग," नर्मदाबाई घोडीला म्हणाली, "सरकस."

ती उठली. एकाच जागी बसून तिचा पाय बधिर झाला होता. गिरधरनं हात दिला, दुसऱ्या बाजूनं वनानं दिला. लुगड्याचे अडीच वार दगडाच्या दिशेनं मोजले गेले आणि ती तिथे बसली. मग तिला उठवून तिच्या जागी पाट मांडले, एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. देवचंदनं ताट खाली ठेवलं. लीलाधर बाशिंग बांधून पाटावर उभा राहिला. भटूनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मागे बाभळीशिवाय काही दिसत नाही म्हणून कुरकुर केली.

"थांबा," झुलालआबा म्हणाले. "आखो एक डाव मोजा."

गिरधर आणि वना लुगडं घेऊन गेले. काठाला तीन ठिकाणी काटे लागले होते. दोघे दगडापासून पाटापर्यंत मोजत आले, मग नाल्याकडून. भटजीनं आकडा पुकारला.

दगडापासून साडेसहा लुगडी. नाल्यापासून साडेसहा लुगडी.